पोरांना अक्कल नको का?

या एका वाक्याचा मला फार दिवसांपासून राग आहे. आज त्या रागाचं काय ते करून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल. पेपरात बातमी येते की नववी-दहावीतल्या एका मुलीला कुणीतरी ऑनलाइन गाठलं, गोड बोलून फोटो मागवले आणि मग धमक्या सुरू केल्या. चहाच्या टेबलावर पहिलं वाक्य येतं ते हे : "पोरांना अक्कल नको का?" दुसरं येतं, "आईबाप काय झोपले होते?" आणि तिसरं, "ते इंटरनेटच बंद केलं पाहिजे." मग चहा संपतो. मुलगी, आईबाप आणि इंटरनेट अशा तिघांचा निकाल लागलेला असतो. ज्याने फसवलं तो या तिन्ही वाक्यांत कुठेच नसतो. म्हणजे पाऊस पडला, वीज पडली, तसं ते आपोआप घडलं!

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. 'आपल्या मुलांना इंटरनेटच्या विळख्यातून वाचवा', खाली अकरा नियम. अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो पाठवू नका, लवकर झोपा वगैरे. अकराच्या अकरा नियम मुलांसाठी. मी आपलं खाली लिहिलं, "मोठ्यांसाठी एकही नियम नाही?" तर काकांचं उत्तर आलं, "अगं, मोठी माणसं कशाला असलं करतील? हे सगळे कोवळ्या वयातले उद्योग."

काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे (वाचता नेहमी, प्रतिक्रिया मात्र फोनवर देता). तर पुढची हकिगत खास तुमच्यासाठी.

अमेरिकेत मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या बाहेर, डार्डेन प्रेरी नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे मेगन मायर नावाची मुलगी राहत होती. २००६ च्या सप्टेंबरात ती १३ वर्षांची होती. वजनावरून मनात सल. नैराश्यासाठी औषधं चालू. आधीच्या शाळेत मुलांनी पिडलेलं, म्हणून आईवडिलांनी नव्या शाळेत घातलेलं. त्या सुमारास तिकडच्या मुलांचं सगळं जग मायस्पेसवर भरायचं, आपल्याकडे ऑर्कुटवर भरायचं तसं. मेगनलाही तिथे खातं हवं होतं.

आता इथे जरा लक्ष द्या. आईने परवानगी दिली ती अटींवर. पासवर्ड आईबापांकडे. लॉगिन करायचं ते त्यांच्या देखरेखीखाली. फॅमिली ग्रुपवरच्या त्या अकरा नियमांपैकी नऊ-दहा नियम टीना मायर नावाच्या या बाईने कुणी न सांगता पाळले होते.

काही दिवसांनी जॉश इव्हान्स नावाच्या मुलाची मैत्रीची विचारणा आली. वय १६, दिसायला देखणा, नुकताच शेजारच्या ओफॅलन गावात राहायला आलेला, शाळेत न जाता घरीच शिकणारा, घरी फोन नाही. मेगनने आईला विचारलं. आईने बघून हो म्हटलं. पुढचे काही आठवडे जॉश तिच्याशी गोड बोलत राहिला. तू छान आहेस, सुंदर आहेस. असं तिला आजवर घराबाहेरच्या कुणी फारसं म्हटलं नव्हतं.

मग ऑक्टोबरच्या मध्यावर एका दिवसात सूर बदलला. तू मैत्रिणींशी वाईट वागतेस असं ऐकलंय, मला तुझ्याशी मैत्री नको. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण त्यात सामील झाले, तिच्याबद्दल घाण मजकूर फिरायला लागला. जॉशच्या शेवटच्या निरोपाचा मथितार्थ असा होता की तू नसतीस तर जग बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी, १६ ऑक्टोबरला, मेगनने जिवाचं बरंवाईट करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. चौदावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

जॉश इव्हान्स नावाचा मुलगा कधी अस्तित्वातच नव्हता.

हे तिच्या आईवडिलांना कळलं तब्बल सहा आठवड्यांनी, तेही दुसऱ्या एका शेजारणीकडून. जॉशच्या मागे होत्या तिघीजणी : त्याच रस्त्यावर राहणारी लॉरी ड्रू नावाची बाई, तिची मेगनएवढीच मुलगी, आणि ड्रूबाईंच्या हाताखाली काम करणारी १८ वर्षांची एक मुलगी. ड्रूबाई चाळिशी उलटलेल्या. त्यांची मुलगी आणि मेगन एकेकाळच्या मैत्रिणी. ती मैत्री तुटली होती आणि मेगन आपल्या मुलीबद्दल मागे काय बोलते हे काढून घ्यायचं होतं, एवढंच कारण. कल्पना कुणाची आणि कुठला निरोप कुणी टाइप केला यावर पुढे कोर्टात बरीच वादावादी झाली. शेवटचा निरोप आपण लिहिला असं त्या १८ वर्षांच्या मुलीने सांगितलं. पण घरातल्या मोठ्या बाईला हे चाललंय ते माहीत होतं आणि तिने ते थांबवलं नाही, यात शंका उरली नाही.

अजून एक तपशील. मेगन गेल्यानंतरच्या त्या सहा आठवड्यांत ड्रू कुटुंबाने मायर कुटुंबाला एक विनंती केली होती. आमच्या मुलांसाठी नाताळची भेट म्हणून फुसबॉलचं टेबल आणलंय (तो टेबलावर दांडे फिरवून खेळायचा फुटबॉल), त्यांना दिसू नये म्हणून तुमच्या गॅरेजमध्ये ठेवाल का? यांनी ठेवून घेतलं, शेजारधर्म म्हणून. खरं कळल्यावर मेगनच्या वडिलांनी ते टेबल फोडलं आणि ड्रूंच्या दारात नेऊन टाकलं. त्यावर ड्रूबाईंनी पोलिसांत तक्रार दिली. टेबलाची!

काका, मोठी माणसं कशाला असलं करतील, नाही का?

आता ती तीन वाक्यं घेऊ, एकेक करून.

पहिलं, पोरांना अक्कल नको का. मेगनने नक्की कुठे अक्कल वापरली नाही ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. तिने आईला विचारलं. ती कुणाला एकटी भेटायला गेली नाही. पैसे दिले नाहीत. पलीकडच्यांना मात्र तिच्याबद्दल सगळं माहीत होतं. ती त्यांच्याबरोबर सहलींना गेलेली, तिला औषधं चालू आहेत हे त्या घराला ठाऊक. एका १३ वर्षांच्या मुलीविरुद्ध तिघी, त्यातली एक तिच्या आईच्या वयाची, आणि हातात तिच्या मनाचा अख्खा नकाशा. या सामन्यात हरलेल्याला आपण मूर्ख म्हणायचं? जो फसतो तो बावळट आणि जो फसवतो तो निदान हुशार तरी, असा एक छुपा हिशोब आपल्या डोक्यात असतो. बँकेतून लाखभर रुपये गेलेल्या आजोबांनाही आपण हेच ऐकवतो. त्या हिशोबाचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो.

फसवायला समोरच्याचा मूर्खपणा लागतच नाही. समोरच्याचा चांगुलपणा पुरतो. कुणी आपल्याशी बरं बोललं तर आपण बरं बोलावं, कुणी आपलं दुःख सांगितलं तर ऐकावं, हे आपणच मुलांना शिकवलेलं असतं. त्याच शिकवणीचा दोर करून तिला ओढतात.

शंका असेल तर अक्कल असलेल्या मोठ्यांचं उदाहरण देते. मेगनच्या आधीचं आहे. केसी निकोल नावाची १९ वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होती आणि आपली रोजनिशी इंटरनेटवर लिहीत होती. शेकडो लोक रोज वाचायचे, तिला भेटी-पत्रं पाठवायचे, काहीजण फोनवर तासन् तास बोलायचे. मे २००१ मध्ये ती गेल्याची बातमी आली. लोक ढसाढसा रडले. मग काहींच्या लक्षात आलं की पेपरात कुठे मृत्यूची नोंद नाही, अंत्यविधी कुठे ते कुणाला माहीत नाही, तिला प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस सापडत नाही. दोन-चार दिवसांत वाचकांनीच उलगडा केला. केसी नव्हतीच. कॅन्सस राज्यातली चाळिशीची एक गृहिणी ते सगळं लिहीत होती. फोटो होते एका बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचे, तिला पत्ता नसताना वापरलेले. फसलेल्यांत संगणकाच्या धंद्यातली, इंटरनेट कोळून प्यालेली माणसं होती. त्यांना कुणी "अक्कल नको का" म्हटलं नाही. त्यांच्याबद्दल सगळे म्हणाले, बिचाऱ्यांच्या भावनांशी खेळलं कुणीतरी. बरोबरच म्हणाले. मग हीच सवलत १३ वर्षांच्या मुलीला का नाही?

दुसरं वाक्य, आईबाप काय झोपले होते. नव्हते झोपले. वर लिहिलंय. देखरेख ठेवली म्हणजे झालं, या समजुतीला मेगनच्या गोष्टीने केव्हाच सुरुंग लावला आहे. आईने पासवर्ड ठेवला, चेहरा तपासला, पण चेहऱ्यामागे कोण आहे हे तपासायचं साधन तिच्याकडे नव्हतं. आजही एखाद्या आईकडे ते कितपत आहे? 'अनोळखी माणसाशी बोलू नका' हा आपला लाडका नियम तर इथे साफ उताणा पडतो. धोका अनोळखी माणसाकडून नव्हताच. तो त्याच रस्त्यावरच्या, सहलीला बरोबर नेणाऱ्या, गॅरेजमध्ये टेबल ठेवायला देणाऱ्या घरातून आला होता.

तिसरं वाक्य, इंटरनेटच बंद करा. हे आपल्याकडे फारच आवडीचं. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईत अंधेरीच्या एका १६ वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. ऑर्कुटवरच्या ओळखीतून त्याला गाठलं असं तेव्हा तपासात सांगितलं गेलं. त्यानंतर चर्चा कशाची? ऑर्कुट ठेवावं की घालवावं याची. घरोघरी मुलांची खाती बंद करायला लावली. २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. २०१४ मध्ये ऑर्कुटही बंद झालं. त्या मुलाला कुणी मारलं हे मात्र त्या खटल्यातून सिद्ध झालं नाही. ऑर्कुट गेलं म्हणून कुठलं पोर वाचलं? सगळे दुसरीकडे गेले, आणि त्यांच्या मागे गाठणारेही गेले.

त्याच २००७ साली ऑर्कुटवरच्या मजकुरावरून आपल्याकडे सायबर कॅफेंची मोडतोड झाली होती, आठवतं? कारण होतं थोर पुरुषांबद्दल लिहिलेला वाईटसाईट मजकूर. अपमान झाला की आपल्याला राग येतो, रस्त्यावर उतरण्याइतका येतो. एखाद्या पोराला महिनोन् महिने कुणी खेळवलं तर मात्र आपण त्या पोराचा मोबाईल काढून घेतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता थोडं एकटेपणाबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे.

माझ्या वयाच्या लोकांना ते दिवस आठवत असतील. प्लायवुडचे कप्पे केलेला सायबर कॅफे, तासाला वीस-तीस रुपये, मागे रांगेत उभा असलेला कुणीतरी, आणि याहू चॅटवर पहिला प्रश्न ठरलेला : एएसएल? म्हणजे वय, लिंग, ठिकाण. उत्तर बहुतेक सगळे खोटंच द्यायचे. नाशिकची मुलगी लंडनची व्हायची, बारावीतला मुलगा इंजिनिअर व्हायचा. त्या खोटेपणात फारसं पाप नव्हतं. घरात कुणी विचारत नाही, वर्गात कुणी बोलावत नाही, आरशात बघवत नाही, अशा वयात तासभर दुसरं कुणीतरी होता यायचं. ती एक मोकळी खिडकी होती. मी त्या खिडकीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. १९९६ पासून मायबोलीवर परदेशात एकटी पडलेली कितीतरी मराठी माणसं एकमेकांना सापडली, त्यातून आयुष्यभराच्या मैत्री झाल्या. इंटरनेटने एकट्या माणसांना सोबत दिली, हे खरं आहे आणि ते विसरायला मी तयार नाही.

पण एकट्या पोरांची गर्दी जिथे होते तिथे त्यांना हुडकणारेही येतात, तळ्यावर बगळे येतात तसे. त्यांची पद्धतही ठरलेली असते. आधी ऐकून घ्यायचं, पोटभर. मग म्हणायचं, तुला माझ्याशिवाय कुणी समजून घेत नाही. मग एखादं गुपित द्यायचं आणि एक घ्यायचं. मग हळूच घरच्यांबद्दल, मैत्रिणींबद्दल मनात किडा सोडायचा. आणि ती पूर्ण विसंबली की एक दिवस बोलणं बंद करायचं, किंवा 'तू असं केलं नाहीस तर मी जिवाचं काहीतरी करीन' म्हणायचं. इथवर आलेल्या मुलीला तुम्ही तर्काने समजवायला जाता! तिच्या दृष्टीने जगातला एकमेव ऐकणारा माणूस निघून चाललेला असतो.

लक्षात घ्या, यातली पहिली पायरी, ऐकून घेणं, ही चोराने आपल्याकडून उचललेली आहे. ते काम आपलं होतं. आपण केलं असतं तर त्याला जागा मिळायला वेळ लागला असता. हे मी आईबापांना दोष द्यायला म्हणत नाही (मेगनची आई ऐकत होती, तरीही झालं). आत्या, मामा, मावशा, शिक्षक, शेजारी, सगळ्यांबद्दल म्हणते आहे. तेरा-चौदाच्या मुलाला आपण शेवटचं काय विचारलं होतं आठवून बघा. "किती टक्के पडले?" हेच ना?

मग कायदा काय करत होता, असं कुणी विचारेल. मिसुरीतल्या सरकारी वकिलाने डिसेंबर २००७ मध्ये जाहीर केलं की या प्रकाराला लागू पडेल असं कलम नाही, सबब खटला नाही. मग मे २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या केंद्रीय वकिलांनी ड्रूबाईंवर आरोप ठेवले. मायस्पेस तिकडची कंपनी, म्हणून तिकडे. कलम कुठलं? संगणकात घुसखोरी करणाऱ्या हॅकरांसाठी केलेलं. युक्तिवाद असा की खोट्या नावाने खातं काढून मायस्पेसच्या अटी मोडल्या, म्हणजे त्यांच्या संगणकात विनापरवाना शिरलात. नोव्हेंबर २००८ मध्ये ज्यूरीने किरकोळ स्वरूपाच्या तीन गुन्ह्यांत दोषी धरलं. २००९ मध्ये न्यायाधीश जॉर्ज वू यांनी तेही रद्द केलं. अटी मोडणं हाच गुन्हा धरला तर एकटेपणापायी स्वतःचं वय-उंची खोटी लिहिणारा साधा माणूसही गुन्हेगार ठरेल, असा त्यांचा मुद्दा.

वाचून माझं रक्त उसळतं. आणि तरीही मला न्यायाधीशांचं म्हणणं पटतं. त्या न्यायाने तर मेगनच गुन्हेगार ठरली असती, कारण मायस्पेसची अट तेव्हा १४ वर्षांची होती आणि ती १३ ची होती! वाकडं कलम लावून मिळवलेला न्याय उद्या कुणावर उलटेल सांगता येत नाही. आपण ते अनुभवलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम असंच सैल होतं. ज्याने त्रास होईल असा कुठलाही मजकूर गुन्हा. ते वापरलं कुणावर? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, फेसबुकवर एक साधी शंका लिहिणाऱ्या मुलीवर आणि ती लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीवर. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते कलम रद्द केलं ते बरंच झालं.

म्हणजे कायदा नकोच का? हवाच, पण नेमका हवा. मिसुरीने २००८ मध्ये आपला छळविरोधी कायदा सुधारून ऑनलाइन छळ त्यात घेतला. आपल्याकडे तोतयेगिरीने फसवण्याला ६६ड कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. कलमं आहेत. पण तक्रार द्यायला मुलगी चौकीत गेली की समोरून पहिला प्रश्न काय येतो? "तू का बोलत होतीस त्याच्याशी?" तेच वाक्य, गणवेशातलं.

आणि कायद्याची वाट न बघता लोकांनी काय केलं तेही सांगते, कारण ते मला तितकंच टोचतं. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या स्थानिक पत्रात हकिगत छापून आली तेव्हा ड्रूंचं नाव दिलेलं नव्हतं. इंटरनेटवरच्या लोकांनी ते शोधून काढलं, पत्ता-फोन सगळं जगजाहीर केलं, धमक्या दिल्या. ड्रूबाईंच्याच नावाने, मेगनच त्याला कारण होती असं सांगणारी एक अनुदिनीही निघाली, ती वाचून लोक आणखी खवळले. ती खोटी निघाली, तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेली. म्हणजे खोटं नाव घेऊन एका मुलीला छळलं, याचा सूड खोटं नाव घेऊनच! त्या घरातली मुलगीही या सगळ्यात भरडली गेली असेल, तिचा विचार कुणी केला नाही. त्या जमावाला मेगनची कणव होती असं मला वाटत नाही. असती तर ते एखाद्या जिवंत, एकट्या पोरापाशी जाऊन बसले असते.

कंपन्यांचं काय बोलायचं! २००५ च्या जूनमध्ये याहूने लोकांनी स्वतः उघडलेल्या चॅट रूम बंद केल्या. अल्पवयीन मुलांना गाठायला उघड्यावर रूम चालतात हे एका टीव्ही वाहिनीने दाखवलं आणि मोठमोठ्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं, तेव्हा. तोवर त्या रूम काय अदृश्य होत्या? आणि आता तर पलीकडे माणूस असेलच असं नाही. गोड बोलणारं, कधी न थकणारं यंत्रच गप्पा मारतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. काही पोरं त्याने वाचतीलही, मी नाही म्हणत नाही. पण बंदी पुन्हा मुलांवरच आहे, आणि सोळावा वाढदिवस झाल्यावर एकटेपणा संपतो असं कुठे आहे?

"मग मुलांना सावधच करायचं नाही का?" हा काकांचा पुढचा प्रश्न असणार. करायचं की. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ असं आपण सांगतोच. पण पोर गाडीखाली आलं तर चालवणाऱ्याला सोडून पोराला "बघितलं नाहीस ना!" म्हणत नाही. सावध करणं ही आधीची गोष्ट आहे. झाल्यावर तेच वाक्य निकाल म्हणून वापरायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

कारण त्या वाक्याचा एक फार वाईट परिणाम होतो, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. टेबलावर आपण हे बोलत असतो तेव्हा शेजारी बसून पोहे खाणारी आपली मुलगी ते ऐकत असते. दुसऱ्याच्या मुलीबद्दल आपण काय बोललो याची ती मनात नोंद करते. उद्या तिच्यावर वेळ आली तर घरात काय ऐकायला मिळेल ते तिला आजच कळलेलं असतं. धमकावणारा तिला म्हणतो, "घरी सांगशील तर तुलाच ओरडतील." आणि त्याचं हे एक वाक्य शंभर टक्के खरं असतं. ते आपण खरं करून ठेवलेलं असतं. फोन काढून घेतील, क्लास बंद करतील, सगळ्या नातेवाइकांत करतील. या भीतीवरच त्याचा सगळा धंदा चालतो.

तेव्हा मोठ्यांसाठी माझे तीनच नियम, ग्रुपवर फिरवायचे असतील तर खुशाल फिरवा. एक, पोर काही सांगायला आलं तर पहिलं वाक्य "बरं केलंस सांगितलंस" हे असावं, बाकीचं नंतर. दोन, फोन हिसकावू नका आणि काही पुसूही नका, त्यातच पुरावा असतो. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे, तिथे तिच्याबरोबर बसून फोन करा. तीन, दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलताना आपलं पोर ऐकतंय हे ध्यानात ठेवा.

मेगनच्या आईने २००७ च्या अखेरीस मुलीच्या नावाने संस्था काढली आणि नंतर वर्षानुवर्षं शाळाशाळांतून जाऊन ती मुलांशी बोलत राहिली. जिचं सगळं गेलं ती बाई दुसऱ्यांच्या पोरांचं ऐकून घ्यायला बाहेर पडली. आपलं तर काहीच गेलेलं नाही. आपल्याला निदान टेबलावरचं एक वाक्य गिळता यायला हरकत नसावी.

असो. बरंच लांबलं. काका, फोन करा, पण यावेळी जमलं तर इथे खालीच लिहा. भांडायचं असेल तर सगळ्यांसमोर भांडू.